जास्तीची सव्वा मूठ

१८ जून

ती. गं. भा. रेवावहिनींना हेमकांतचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

दादाच्या वर्षश्राद्धाला सुट्टी मिळाली नाही. तुम्ही फोनवर बोलत नाही, पेपर मात्र जाहिरातींसकट वाचता, असं तुमची जाऊ प्रतिभा सांगते. म्हणून पत्र लिहितो.

वर्षभर मनात ठेवलेलं आज सांगतो. सीमेजवळच्या रस्त्यावर दादाचा केळीचा ट्रक पलीकडच्या तोफगोळ्यानं उडवला, त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या तोफेला हुकूम आला. पहिल्या गोळ्यावर मी खडूनं दादाचं नाव लिहिलं, ‘नवल’. गोळा अचूक गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादाचा सूड मी घेतला, वहिनी. आता तरी शांत झोपा.

वर्ष सरलं, तेव्हा यंदा श्रावणात कानबाई देवी बसवाल. प्रसादाच्या रोटासाठी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्याल, त्यात माझी विसरू नका.

माया कमी होऊ देऊ नका.
आपला, हेमकांत

२ जुलै

चि. हेमकांत यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. केळीची लागवड उरकली. प्रतिभा खोकल्याचं औषध घेत नाही, माझं ऐकत नाही, तू दटाव.

तुझ्या दादांचं नाव मी उभ्या जन्मात उखाण्यापुरतं घेतलं, तेही लाजत. ते तू गोळ्यावर लिहिलंस. गोळा कुठं पडला ते मात्र लिहिलं नाहीस.

केळीच्या घडांखालच्या रद्दीवर मी वाचायला शिकले. त्याच पेपरात दादांची बातमी चार ओळींची होती. पलीकडच्यांनी म्हटलं होतं की नेम चौकीवर होता, ट्रक मध्ये आला. तेव्हा तू प्रतिभाच्या फोनवर ओरडला होतास की माणूस मारायचा आणि वर सबबी सांगायच्या.

तुझा गोळा पडला तिथं कोण होतं? शोधून कळव. तोवर तुझी मूठ घ्यायची की नाही, हे मी ठरवणार नाही. या घरात मुठी मोजणारी मीच आहे.

आशीर्वाद आहेत, पण उत्तर आधी दे.
तुझी वहिनी, रेवा

२४ जुलै

ती. वहिनींना नमस्कार.

तुमच्या पत्राचा राग आला. तोफेवरच्या माणसाला समोरचं दिसत नाही. वरून आकडे येतात, आम्ही तोफेचं तोंड फिरवतो आणि डागतो. तरी विचारलं. तिथं पिठाची गिरणी होती. तिच्यामागं त्यांनी तोफ लपवली आहे, असं आम्हाला सांगितलं होतं. होती की नव्हती, आता कोणी बोलत नाही. गिरणीवाला गेला आणि दळण घेऊन आलेली एक बाई.

पण लोकांच्या घरांआड तोफा लावणाऱ्यांचा दोष की माझा? सुरुवात कोणी केली? हुकूम मोडला असता तर मी तुरुंगात असतो. नेम तोफेवर होता, गिरणी मध्ये आली. यापेक्षा काय लिहू?

मूठ घ्या, वहिनी. घरातून काढू नका.
हेमकांत

२६ ऑगस्ट

चि. हेमकांत यास अनेक आशीर्वाद.

कानबाई पार पडली. गिरणी मध्ये आली, हे तुझं वाक्य मी पेपरातल्या त्या चार ओळींशेजारी ठेवून वाचलं. अक्षर तेवढं वेगळं.

हुकूम तुझा नव्हता, मान्य. ज्यानं दिला तो माझ्या घरचा नाही, तू आहेस. आणि खडूचा हुकूम तुला कोणी दिला नव्हता.

तुझी मूठ घेतली. तुझ्या दादांची यंदा नव्हती, तिथं हात थांबला. मग त्या गिरणीवाल्याची सव्वा मूठ घेतली. दगूकाकूंनी सगळ्यांदेखत विचारलं की परक्याची मूठ कशी घेतली, येडी व्हई गई का ही. मी म्हटलं, परका कसा? आपल्या घरच्या नावानं मेला आहे. दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत, रोट मात्र दोन खाल्ले. बायांची मूठ आपल्यात घेत नाहीत, म्हणून त्या बाईची राहिली. तिचं काय करायचं, हे मला अजून कुठं वाचायला मिळालेलं नाही.

रोट परक्याला द्यायचा नाही आणि टाकायचाही नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. गिरणीवाल्याच्या वाटचा रोट वेगळा भाजला. खांडबाऱ्याचा कुंदन सुट्टी संपवून तुमच्याच पलटणीत निघाला आहे, त्याच्याबरोबर पाठवते. पोचेपर्यंत वाळून कडक होईल. टाळ्या वाजवणाऱ्यांत वाटू नकोस, ते परके. तू एकटा खा, शेवटच्या कणापर्यंत.

खाऊन झालं की कळव. तोवर लोभ जेवढा आहे तेवढा आहे.
तुझी वहिनी, रेवा