तीन बेटांचा बेत

२९ ऑगस्ट
आज सोमवार. सकाळी मी एका जाड शब्दकोशाच्या पाठीला लेई लावत होतो. कंपाउंडर दुकानात आला, स्टुलावर बसला. म्हणाला, पोरगा त्याच्या गावी कायमचा राहायला बोलावतोय, जाऊ का? लेई वाळायला लागली होती. मी मान वर न करता म्हणालो, जा की, जरूर जा, नशीबवान आहेस. तो थोडा वेळ कागदाच्या कातरणांकडे बघत बसला आणि चहा न घेता गेला. चहा न घेता तो माझ्या दुकानातून आजवर कधी गेलेला नाही.
दोष लेईचा. ती ओली असताना लक्ष दुसरीकडे गेलं की पुस्तकाची पाठ वाकडी बसते.
पाठ वाकडीच बसली.

३० ऑगस्ट
ही म्हणते, भावजींना सरळ सांगा की जाऊ नका. बायकांना सगळं सोपं वाटतं. एकदा दिलेला सल्ला फिरवणं मला शोभत नाही. शिवाय गावच्या शाळेपासून एका बाकावर बसलेल्या माणसाला असलं काही तोंडावर म्हणायचं म्हणजे लाजच. तो गेला तर संध्याकाळी दुकानात येणार कोण, हा प्रश्न वेगळा. त्याला आपण होऊन वाटलं पाहिजे की इथेच राहावं.
उपाय सुचला. सहल!

३१ ऑगस्ट
बेत पक्का. बेटं तीन, माणसं तीन: मी, कंपाउंडर आणि टेलर. टेलर त्याच बाकावरचा तिसरा. स्वस्तात होणार, कारण सध्या ऑफ-सीझन आहे. कपड्यांवर वीस टक्के ऑफ लागला की लोक दुकानाबाहेर रांगा लावतात. बेटांनाही ऑफ लागतो, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. माझ्या आलं. हिने विचारलं, ऑफचा अर्थ तोच आहे ना नक्की? मी म्हणालो, तू कधी इंग्रजी शिकलीस?
ती शिकली आहे. पण मुद्दा तो नव्हता.

४ सप्टेंबर, पहाटे
निघतोय. संकल्प: जाण्या-राहण्याचा विषय काढायचा नाही. समुद्रच काय ते बोलेल. देवासमोर उभा राहिलो. देवाकडे काही मागायचं नाही, हा माझा नियम. फक्त कंपाउंडरचं नाव घेतलं आणि जरा थांबलो.

४ सप्टेंबर, संध्याकाळ
पहिलं बेट! प्रवासी बोटी बंद होत्या, म्हणून सिमेंटच्या बोटीने आलो. गोण्यांवर बसून समुद्र जवळून दिसतो. कंपाउंडरने उलटी होऊ नये म्हणून गोळ्या आणल्या होत्या. आम्हा दोघांना दिल्या, त्याला उरली नाही. वाटभर कठड्याला धरून होता. मला बरं वाटलं. ज्याला बोट सोसत नाही, त्याला परका गाव काय सोसणार?
लॉजवर आमच्याशिवाय कुणी नाही. टेबलांवर खुर्च्या उलट्या. खोलीत एकच पलंग, गादी काढून ठेवलेली. रखवालदाराने कारण सांगितलं नाही, आम्हीच कसे आलो हे विचारलं. टेलरने पडदा उलटून पाहिला आणि म्हणाला, ज्याने हा शिवला त्याचे हात बांधून ठेवले पाहिजेत. रात्री तिघे एकाच पलंगावर. कुशीवर वळायचं तर तिघांनी मिळून वळायचं. शाळेतल्या बाकाची आठवण झाली. कंपाउंडरलाही झाली असणार. त्याने तोंडावर पांघरूण ओढलं, म्हणजे भरून आलं असणार.

५ सप्टेंबर
दुसऱ्या बेटाची बोट नाही. खानावळ नाही. पाव-अंडी मिळाली, तीही रखवालदाराच्या घरची. मी नावाड्याला ठणकावलं की ऑफ असताना असं गिऱ्हाईक परतवणं बरं नव्हे. तो म्हणाला, काका, ऑफ म्हणजे बंद. पंखा ऑफ, दिवा ऑफ, तसं बेट ऑफ.
टेलर इतका हसला की त्याला उचकी लागली. उचकी देत देत तो बंद दुकानांच्या प्रत्येक कुलपापाशी थांबायचा आणि विचारायचा, याच्यावर किती टक्के? आणि कंपाउंडर हसला! पोट धरून, डोळे पुसत. कित्येक दिवसांनी. अर्थ उघड आहे. तो राहणार.
दुपारी त्याने टेकाडावर जाऊन पोराला फोन लावला. खालून मला 'येतो' एवढंच ऐकू आलं. वारा फार होता. त्याच्या आधीचं 'कुठे' उडून गेलं असणार.

६ सप्टेंबर
नावाड्याला गाठून बोट काढायला लावलीच. कंपाउंडर म्हणाला, राहू दे रे, माझं पोट अजून जाग्यावर नाही. त्याच्या भल्यासाठीच मी ऐकलं नाही. बोट तासभर लाटांवर उड्या मारत होती. दुसऱ्या बेटावर उतरलो! मी दोघांना म्हणालो, हवेतला फरक बघा. इथली हवा हलकी आहे. कंपाउंडरने खरंच मोठा श्वास घेतला.
मग टेलरला वाळूत एक चप्पल सापडली. काल पहिल्या बेटावर हरवलेली, त्याचीच. नावाडी म्हणाला, पलीकडे जाणं जमेना, तुमचा हट्ट मोडवेना, म्हणून बेटाला वळसा घालून मागच्या अंगाला उतरवलं.
मागचं अंग पुढच्यापेक्षा वेगळंच आहे. मी ते दुसरं धरतो.

७ सप्टेंबर
वादळी हवा. दिवसभर खोलीत. दुपारी डोळे मिटून नामस्मरणाला बसलो होतो. त्या दोघांना मी झोपलोय असं वाटलं. कंपाउंडर म्हणत होता, ही माझ्या निरोपाची सहल आहे, कळतंय मला. मी विचारलं तेव्हा याने मान पण वर केली नाही. आता रविवारी येतो म्हणून पोराला सांगून टाकलंय. एकदा नुसतं राहा म्हणाला असता तर कुठे जातोय मी? टेलर म्हणाला, त्याला बोटी शोधता येतात, बोलता येत नाही.
नामस्मरणात व्यत्यय आला. डोळे उघडले नाहीत. तेव्हा उघडले असते तर त्या दोघांना संकोच वाटला असता.
वाऱ्याने 'कुठे' उडवलं नव्हतं तर.
संकल्प: उद्या सांगायचं. तिसऱ्या बेटावर. शांत जागा बघून, टेलर लांब असताना, बेताच्या आवाजात.

८ सप्टेंबर
तिसरं बेट रद्द. आज बोट आहे ती परतीची, पुढे काही दिवस तीही नाही. म्हणजे सांगायचं ते बोटीतच.
मी कंपाउंडरच्या शेजारी सरकून बसलो. इंजिन असं धडधडत होतं की दात वाजत होते. त्याच्या कानाशी म्हणालो. तो म्हणाला, काय? पुन्हा म्हणालो. तो म्हणाला, पिशवी तुझ्याच मांडीवर आहे. मग किनारा दिसला तसा माझा धीर सुटायला लागला. उतरलो की पुन्हा मी बाइंडर आणि तो गिऱ्हाईक असल्यासारखे वागणार, हे मला माहीत होतं. धक्का अगदी जवळ आला. मी डोळे मिटले आणि पोटातून ओरडलो, आणि नावाड्याने नेमकं तेव्हाच इंजिन बंद केलं.
जाऊ नकोस रे, मला करमणार नाही, हे धक्क्यावरच्या हमालांपासून कुत्र्यापर्यंत सगळ्यांनी ऐकलं. मासे निवडत बसलेली एक बाई कंपाउंडरला म्हणाली, राहा की हो दादा, एवढं म्हणतायत तर.
कंपाउंडर म्हणाला, ओरडतोस कशाला, मी काय बहिरा आहे? मग बराच वेळ चष्मा पुसत राहिला. चष्मा स्वच्छच होता. म्हणाला, रविवारी जातो, पोराला शब्द दिलाय. चार दिवस नातवंडांत राहतो आणि परत येतो. पण एक अट. पुन्हा सहल तू आखायची नाहीस.
मी म्हणालो, हा अन्याय आहे, तिसरं बेट अजून बाकी आहे. टेलर म्हणाला, दुसरं तरी कुठे बघितलंय?
अट मान्य केली. सहल माझ्या बेताप्रमाणे अजिबात झाली नाही, समुद्र तर काहीच बोलला नाही.
मी बोललो.