आई हिरवी आहे

सोमवार, ४ मे

आले एकदाची. खोली चौथ्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे, पण तिची मर्जी असेल तेव्हाच चालते. खिडकीतून समोरची गच्ची आणि तिथल्या पाण्याच्या टाक्या दिसतात. एकीला पांढरा रंग देऊन कोणीतरी तिच्यावर डोळे काढलेत. ठमाकाकूला फार आवडेल. ठमाकाकू म्हणजे माझी लेक, वय वर्षं सात. सगळ्या घराला कामाला लावते म्हणून हे नाव. तिला ताईकडे ठेवून आलेय. शाळा सुरू व्हायच्या आत इथे घेऊन येईन असं कबूल केलंय आणि बाईसाहेब शब्द विसरणाऱ्यांतल्या नाहीत.

निघताना रडली नाही. माझा जुना फोन नवं सिम घालून तिला दिला. माझ्या नावापुढचा हिरवा ठिपका दाखवून सांगितलं, हा दिसतोय तोवर आई आहे. तिने स्वतःचा नंबर पाठ केलाय आणि येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणून दाखवते. गॅसवाल्यालाही ऐकवला. त्या बिचाऱ्याने तो लिहूनसुद्धा घेतला.

मंगळवार, ५ मे

कामाचा पहिला दिवस झकास गेला. फोनवर कोण आत्ता ऑनलाइन आहे, कोण कामात आहे, कोणाचा फोन बंद आहे, ही माहिती ज्या सर्व्हरवर असते तो विभाग आमचा. फोन बंद असून ठिपका हिरवाच दिसतो, अशा तक्रारी मी बघायच्या.

साहेब मऊ बोलतात, स्वतःच्या आधी दुसऱ्याचा चहा ओततात. त्यांनी सांगितलं, प्रत्येक सर्व्हरला एक खुंटी लागते. खुंटी म्हणजे कोणाचातरी खरा, चालू नंबर. तो कायम हिरवा दिसला पाहिजे. तो हिरवा, तर सर्व्हर ठीक. नवा सर्व्हर कालच लागलाय, तिसरा महिनाअखेर येईल. नव्यासाठी तुमचा नंबर देता का, असं विचारलं. मी लगेच दिला. तेवढीच ठमाकाकूची सोय, ठिपका जायलाच नको.

नोंद एक सांगते आणि माणूस दुसरीकडेच असेल तर काय करता, असं मी विचारलं. दुरुस्त करतो म्हणाले. दोघांतलं काय, म्हटलं, तर हसले. मीही हसले.

शुक्रवार, ८ मे

एका बाईंची तक्रार आली. नवरा कित्येक महिने घरी आला नाही, ठिपका मात्र सतत हिरवा. आहेत तरी कुठे ते, एवढंच सांगा, असं लिहिलंय. मी जागा तपासली. नंबर आमच्याच इमारतीत दाखवतोय, आमच्याच खोलीत. साहेब म्हणाले, ती जुन्या सर्व्हरची खुंटी, ठरलेलं उत्तर पाठवा. ठरलेलं उत्तर असं की आपली व्यक्ती उपलब्ध आहे. पाठवलं.

त्या खोलीत मी एकटीच बसते. शेजारचं टेबल रिकामं आहे. त्याची खुर्ची मी आत सरकवते आणि चहा घेऊन येईपर्यंत ती पुन्हा बाहेर आलेली असते. झाडूवाल्या मावशी ओढत असतील.

मंगळवार, १२ मे

काल फोन खोलीवरच राहिला, तोही बंद. ठमाकाकूने आकाशपाताळ एक केलं असेल म्हणून संध्याकाळी आल्या आल्या ताईला फोन केला. ताई म्हणाली, छे, दिवसभर तुझ्याशीच तर चाललं होतं तिचं. आई, हिरवी आहेस का, असं ती विचारायची आणि तू हो म्हणायचीस.

फोनमध्ये पाहिलं. माझ्याकडून गेलेत ते 'हो'. मी पाठवले नाहीत.

साहेबांना म्हटलं, माझा नंबर काढा. ते म्हणाले, खुंटीने उत्तर द्यायलाच हवं, नाहीतर बघणाऱ्याला काळजी वाटते. माझ्यापुढे बिस्किटं सरकवली. मला त्यांची भीती वाटली, ती बहुतेक या बिस्किटांमुळेच.

शनिवार, १६ मे

ठमाकाकूला आणायला निघाले. नोकरी गेली खड्ड्यात. बसमध्ये बसले. कंडक्टरने पुढच्याला तिकीट दिलं, मागच्याला दिलं, मला विचारलं नाही. पहिल्या थांब्यावर दार उघडलं तर समोर ऑफिसचं फाटक. बस उलटी फिरली नव्हती, मी खिडकीतूनच बघत होते. दुसऱ्या बसमध्ये बसले. पुन्हा फाटक. मग चालत निघाले. पुन्हा फाटक.

वॉचमनला म्हटलं, दादा, मला बाहेर सोडा. तो कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघून स्वतःशीच म्हणाला, मॅडम तर आतच आहेत.

सोमवार, १८ मे

मावशींनी माझ्या पायांवरून झाडू फिरवला. गाणं गुणगुणत होत्या.

साहेबांच्या टेबलापुढे उभी राहून ओरडले. ते माझ्याकडे न बघता, पण माझ्याशीच बोलले. म्हणाले, नोंद बरोबर आहे ना, मग माणसालाच तिच्यापाशी आणावं लागतं. पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. आवाज चढवला नाही त्यांनी.

ताईला फोन लावला. म्हटलं, तिला इकडे पाठवू नकोस, काहीही झालं तरी पाठवू नकोस. ताई खूश होऊन म्हणाली, बरं, महिनाअखेरच्या रविवारी घेऊन येते. मी रडत होते आणि ती विचारत होती, एवढी काय हसतेस.

शुक्रवार, २२

शेजारच्या खुर्चीतला माणूस दिसायला लागला. दाढी वाढलेली, शर्ट इस्त्रीचा. म्हणाला, पहिले काही दिवस त्रास होतो. त्याची बायको आता लिहीत नाही. ठिपका बघते आणि झोपते. त्याला याचं बरं वाटतं की वाईट, असं विचारलं. त्याला आठवेना.

त्याने सुटायचा प्रयत्न केला होता का — केला होता. सगळ्यांनी करून बघितला, म्हणाला. सगळे कोण, ते —

मंगळवार —

भूक लागत नाही. फोन फोडला. ठिपका हिरवाच.

ठमाकाकूचं नाक कसं आहे ते आठवायला वेळ लागला. मग आठवलं. रोज आठवून लिहायचं. नाक बसकं, पुढचा दात पडलेला, हसताना तिथे जीभ लावते.

रविवार, ३१

तिसरा सर्व्हर आला. खोक्यातून काढतायत.

त्या आल्यात. बाहेरच्या बाकावर ताई आणि ठमाकाकू. नवा फ्रॉक. मी समोर उभी आहे, हात लावतेय, तिला कळत नाही. फोनकडे बघतेय. लिहितेय, आई, हिरवी आहेस का. हो गेलं. माझ्या बोटांना स्पर्शही न होता गेलं.

ताई पाणी प्यायला आत गेली. साहेब आले. तिच्याशेजारी बसले, बिस्कीट दिलं. आई कामात आहे म्हणाले. तुला आईसारखं कायम हिरवं व्हायचंय का, असं विचारलं. ती हो म्हणाली. लगेच म्हणाली.

वहीत मोठ्ठं लिहिलं — सांगू नकोस. डोळ्यांपुढे धरलं. ती त्यातून आरपार साहेबांकडे बघतेय.

तिच्या तोंडावर हात दाबलाय माझा. दाबलाय. ऐकू येतंच आहे.

साहेब म्हणाले, नंबर येतो का गं तुला. ती उभी राहिली, हात मागे बांधले, शाळेत कविता म्हणतात तशी. पाठ आहे म्हणाली.

ठमे, नको — बाळा, इकडे बघ, आई इथे —

नऊ, आठ, शून्य, चार, दात पडलाय म्हणून सहा नीट येत नाही, पुन्हा म्हणतेय, सहा, दोन —