यंदाचा वानोळा

अमरावती,
रविवार

प्रिय जीवन,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोनवर बोलावं तर बाबा शेजारीच बसलेले असतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं तर तू एक अंगठा दाखवून मोकळा होतोस. पत्राला अंगठा दाखवता येत नाही, म्हणून कागद शोधला.

इथे पावसानं पार वाट लावली. तुम्ही अकोल्यात चौथ्या मजल्याच्या खिडकीतून पाऊस बघता. आमच्याकडे तो मुक्कामालाच आला होता. चिखलदऱ्याला जायची गरज उरली नाही, चिखल दारात होता नि दरी रस्त्यात. मागच्या अंगणात बाबांच्या वाफ्यांत पाणी साचून राहिलं. दोडक्याचा वेल मांडवावर चढला, फुलला, आणि एका सकाळी मुळाशी सडून ओल्या धोतरासारखा लोंबत होता. टमाट्यांवर काळे डाग पडले. वांग्याची रोपं कशीबशी तगली, तर गोगलगायी आल्या. शंखवाल्या नव्हेत, बिनशंखाच्या, चिकट, बोटाएवढ्या. शंखवाली निदान स्वतःचं घर घेऊन येते, या बिऱ्हाड करायला मोकळ्या हातानं आलेल्या. रात्रीतून पानांची चाळणी करायची आणि दिवसा कुंडीखाली जेवणाच्या सुट्टीवर गेल्यासारखं पडून राहायचं. मिरचीची रोपं बाबांनी दोनदा लावली, दोन्हीदा त्यांच्या पंगती उठल्या.

तरी बाबांनी हार मानली नाही. कुणीतरी सांगितलं, गुळाच्या पाण्यात पोतं भिजवून वाफ्यात टाका, गोगलगायी त्याखाली गोळा होतात, सकाळी वेचून मिठाच्या पाण्यात टाकायच्या. झालं. दिवस उगवायच्या आत आपले बाबा मानेत छत्री धरून, चिमट्यानं गोगलगायी वेचताहेत. चिमटा आईचा, पापड भाजायचा. आईचं त्यावरचं मत साऱ्या कॉलनीनं ऐकलं. "मले बिनसाखरेचा चहा, अन् त्या गोगलगायींले गूळ." बाबांनी तिलाही पोत्याखाली येऊन बसायचं निमंत्रण दिलं. मग काही दिवस घरात शांतता होती, ती मला आवडली.

महालक्ष्म्या जवळ आल्या तेव्हा तोडण्यासारखं काहीच नव्हतं. पण वानोळा तर पाठवायचा. पहिल्या तोड्याची भाजी आधी लेकाच्या घरी, मग आपल्या ताटात, हा त्यांचा नियम. तू अकोल्याला गेल्यापासून एकही वर्ष चुकला नाही. मी म्हटलं, कळवून टाका, यंदा नाही. तर म्हणाले, पोरगं वाट पाहून राहिलं असन. भर पावसात स्कूटर काढली. या वयात एकटे कसे सोडायचे, म्हणून मी मागे बसले.

बाजारात पार्बताबाईच्या दुकानासमोर उकिडवं बसून त्यांनी काय निवडलं असेल? वाकडी भेंडी, एका बाजूनं किडलेले दोडके, खुरटी वांगी. सरळ, चकचकीत माल बाजूला सारला, कारण घरचा माल तसा दिसत नाही. पार्बताबाईला वाटलं, म्हाताऱ्याचे दिवस फिरले. तिनं कीव येऊन मूठभर मिरच्या वरून टाकल्या. बाबांनी त्याही घेतल्या. घरी आल्यावर वाफ्यातला चिखल बोटानं थोडा थोडा प्रत्येक दोडक्याला लावला. इतक्या निगुतीनं केलेली लबाडी मी ऑफिसातही पाहिली नाही. मी खूप हसले. आता वाटतं, नसते हसले तर बरं होतं. पिशवी एसटीनं तुझ्याकडे निघाली.

तुझा फोन आला तेव्हा बाबांनी स्पीकर लावला, आईनं ऐकावं म्हणून. तू म्हणालास, "बाबा, यंदाची भाजी दरवर्षीपेक्षा भारी. घरची चव बाजारात कुठं भेटते." चांगल्या मनानं बोललास, मला ठाऊक आहे. बाबा हो हो म्हणाले, सूनबाई कशी आहे म्हणून मोनालीची चौकशी केली, फोन ठेवला. मग बराच वेळ चष्मा पुसत बसले. शेवटी मला म्हणाले, "भावना, बाजाराची अन् आपली एकच लागते, त मंग मी इतकी वर्षं काय करून राहिलो वं?"

एरवी माझी जीभ कशी चालते, तुला माहीत आहे. तेव्हा मी उठले आणि पापडाचा चिमटा घासत बसले.

त्या दिवसापासून ते मागच्या दारी गेले नाहीत. पाऊस सरला, ऊन पडलं, माती हाताला मोकळी लागते आहे. हेच दिवस मेथी-पालक टाकायचे, धणे रगडून चटणीपुरता सांभार पेरायचे. बाबा पुढच्या खोलीत टीव्ही बघतात, आवाज बंद करून. परवा आईनं आपण होऊन गुळाचं पाणी करून दिलं, ते पातेल्यात तसंच राहिलं. आणि काल त्यांनी सूर्यभानला बोलावलं, तो अंगणात सिमेंटचे गट्टू बसवायची कामं घेतो. अख्खं अंगण त्याला मोजून दिलं. म्हणे चिखल होणार नाही, जीवनची गाडी आली तर उभी राहील. पुढच्या सोमवारी काम सुरू.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मागच्या वर्षी मी न कळवता तुझ्याकडे आले होते. खाली तुमच्या वॉचमनच्या खुर्चीला आईच्या जुन्या साडीची पिशवी टांगलेली होती, आणि त्याची बायको दोडक्याच्या शिरा काढत होती. वर आले तर तू म्हणालास, वानोळा झकास होता. मी घरी कुणाला सांगितलं नाही. तुम्ही दोघं नोकरीवर, निवडायला वेळ कुणाला, आणि भाजी वाया तर गेली नव्हती. पण जीवन, यंदाचीही तिकडेच गेली असेल, तर बाबांना फोन कर आणि सांग की तू ती चाखलीच नाहीस. त्यांना लागेल. काही दिवस बोलणार नाहीत, मीही त्यांच्याच बाजूनं तुझ्याशी भांडेन. पण लेकानं खाल्ली नाही, हे बाप पचवतो. खाऊनही ओळखली नाही, हे त्यांना पचत नाहीये. आणि खरोखर खाल्ली असशील, तरी हेच सांग. दोन्हींतलं खरं काय, ते मला कळवू नकोस. फक्त सोमवारच्या आत कर.

तुझीच,
ताई