आखाजीचे दोन एक्के

देवपूर, धुळे
२४ मार्च २०२६

चि. सौ. चारुलता हीस अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्त्यांच्या घरात जन्मलेली मी आणि पत्त्यांच्या घरात दिलेली तू. आपल्या दोघींचं दुखणं एकच आहे, चारू. अक्षय्य तृतीया म्हणजे आपली आखाजी: बायकांनी झोके बांधायचे, गौराईची गाणी म्हणायची, आणि पुरुषांनी ओट्यावर पत्ते कुटायचे. त्याला जुगार म्हणायचं नाही, सण म्हणायचं. माझ्या भावाला हा एका दिवसाचा सण बारा महिने पुरला. आधी ओट्यावरची तीन पत्ती, मग मोबाईलवरचं पोकर, आणि गेल्या वर्षी मोबाईलवरचे पैशाचे खेळ कायद्यानं बंद झाले तेव्हापासून पहूरच्या रस्त्यावरच्या भाईदासच्या शेतघरातला अड्डा. मी गावोगाव जुगाराविरुद्ध भाषणं देते, लोक टाळ्या वाजवतात, आणि घरी जाताना मला वाटतं, त्यातल्या एखाद्यानं उठून माझ्या सख्ख्या भावाचं नाव घ्यावं म्हणजे माझं तोंड बंद होईल.

काल तुझ्या घरून आईचा फोन आला. आखाजीला तू आणि हितेंद्र, नवरा-बायको, समोरासमोर पोकर खेळणार आहात म्हणे. तो जिंकला तर तू घर आणि विहिरीचा केळीचा मळा त्याच्या नावावर करून देणार. तू जिंकलीस तर तो पत्ते कायमचे सोडून जळगावच्या व्यसनमुक्ती केंद्रात जाणार. आणि तू हो म्हणालीस.

नानांनी जाण्याआधी घर आणि मळा मुलाच्या नावावर न करता सुनेच्या नावावर केला. ते काही त्यांचं डोकं फिरलं होतं म्हणून नाही. ते आपल्या मुलाला ओळखत होते. जे आधीच तुझं आहे, ते तू डावावर लावलंस कसं? ठरलेलं मोडता येत असेल तर मोड. तो तुझा फोन चाळतो असं आई म्हणाली, म्हणून हे पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर टाकते आहे. तूही पत्रच लिही.

आईला नमस्कार. तुझ्यावर माया आहे, म्हणून हा राग.

तुझी,
अक्का


मुक्ताईनगर
३० मार्च २०२६

ती. अक्कांना चारुलताचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत बसून वाचलं. तुमचं सगळं खरं आहे. पण अक्का, मी रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला, चार मोठी माणसं बसवून पाहिली. प्रत्येक वेळी ते मान खाली घालून ऐकतात आणि आठवड्यात पुन्हा भाईदासच्या गाडीत बसतात. ठिबकच्या दुकानातली नोकरी त्यातच गेली. आता घर आणि मळा नावावर करून दे म्हणून रोज मागे लागतात. मागच्या महिन्यात मात्र ते मुक्ताईच्या देवळात बसून लहान मुलासारखे रडले. म्हणाले की आपण कुणाचंच ऐकू शकत नाही, फक्त पत्त्यांचं ऐकतो. पत्त्यांनीच हरवलं तर सुटू. मला ते खरं वाटलं. अजून वाटतं.

मोडता येणार नाही. त्यांची एकच अट आहे की अक्का ओट्यावर नको. तुम्ही त्यांचा चेहरा वाचता म्हणे. नानांच्या पहिल्या घागरीला लेक घरात नसेल, याचं मला फार वाईट वाटतं, पण तेही मी कबूल करून बसले.

मला गुलामचोरपलीकडे काही येत नाही. तुम्हाला हा खेळ येतो, हे मला ठाऊक आहे. ज्याच्याविरुद्ध बोलायचं ते आधी शिकावं, म्हणून तुम्ही पुस्तकं आणून वाचली होतीत आणि दिवाळीत भावाला दोनदा हरवलंही होतंत. मला शिकवा. मी माझं माहेर सोनगीरला कळवलंय की या आखाजीला येत नाही. तिकडे माझी आई नाराज झाली.

राग राहू द्या, पण उत्तर लवकर द्या.

आपली,
चारुलता


देवपूर, धुळे
४ एप्रिल २०२६

चि. सौ. चारुलता हीस अनेक आशीर्वाद.

बरं. उडी मारलीच आहेस तर निदान पोहायला शिक.

प्रत्येकाच्या हातात दोन पानं. मध्ये पाच पानं उघडतात, आधी तीन, मग एक, मग एक. हातातली आणि मधली मिळून ज्याची पाच पानं भारी, त्याचा डाव. आखाजीला पैसे नकोत, चिंचोके मोजून घ्या. ज्याचे सगळे गेले तो हरला. एवढं तुला एका संध्याकाळी कळेल. अवघड पुढचं आहे.

फुटकळ पानं हितू तुझ्यापेक्षा चांगली खेळतो. त्यात त्याच्याशी झुंजू नकोस, टाकून दे. तुझी सगळी भिस्त त्या थोड्या डावांवर आहे ज्यांत सुरुवातीलाच भारी पानं हातात येतील: एक्क्यांची जोडी, राजांची, राणींची, एक्का-राजा. अशी पानं घेऊन हरणारे दोन प्रकारचे असतात. पहिला भित्रा. त्याला वाटतं, गप्प बसावं, समोरच्याला फसवावं, मग शेवटी झडप घालावी. तो गप्प बसतो आणि समोरच्याची सत्ती-दुर्री फुकटात मधली पानं बघून घेते. मग त्या दुर्रीचं नशीब उघडतं. भारी पानं आली की मधलं एकही पान उघडायच्या आत चिंचोके वाढव. बघायचं असेल तर त्याला किंमत मोजायला लाव. आणि दर वेळी तेवढेच वाढव, मध्यम पानांवरही. नाहीतर तुझ्या मुठीवरून तो तुझी पानं ओळखेल.

दुसरा असतो तो पानांच्या प्रेमात पडलेला. राजांची जोडी आली म्हणून तो तिला देव मानतो. मध्ये एक्का उघडला, इतका वेळ मुकाट बसलेला माणूस अचानक ढीग पुढे सरकवू लागला, तरी याचे डोळे उघडत नाहीत. सुरुवातीची भारी पानं म्हणजे बेण्याचं रोप. घड अजून लागायचा आहे. डाव बदलला की राजे खाली ठेवायचे, आणि ठेवताना रडायचं नाही. एक्का-राजा तर नुसता शब्द आहे. मध्ये जोड मिळेपर्यंत त्यावर मळा लावू नकोस.

आणखी एक. पानं एकदाच बघ. खूश झालीस की तू पदर सारखा करतेस. लग्नाच्या पंक्तीत उखाणा सुचला तेव्हाही केला होतास. त्यालाही हे ठाऊक असणार. पदर खोचून बस.

सरावाला आईला घे. ती नाही म्हणेल, मग उठायची नाही.

तुझी,
अक्का


मुक्ताईनगर
२४ एप्रिल २०२६

ती. अक्कांना शि. सा. न. वि. वि.

कसं लिहू ते कळत नाही, म्हणून झालं तसं लिहिते.

सरावाला आई बसल्या. पत्त्यांना हात लावल्याबद्दल आधी देवाला हात जोडले आणि मग दहा-बारा दिवस मला हरवलं.

आखाजीला नानांची घागर भरली, वर पिकलं डांगर ठेवलं, पुरणपोळी आणि आमरसाचा नैवेद्य दाखवला. जेवणं झाल्यावर ओट्यावर सतरंजी अंथरली. शेजारचे लीलाधरभाऊ पानं वाटायला बसले. झोक्यावरच्या बायका झोके सोडून आमच्या अंगणात आल्या. गल्लीत बाईमाणूस पत्त्यांना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

सुरुवातीलाच मला राजांची जोडी आली. मी वाढवले, ते आले. मध्ये एक्का उघडला. ते दोनदा गप्प राहिले आणि मग अर्धा ढीग पुढे सरकवला. अक्का, माझा हात सुटत नव्हता. पण ठेवले राजे. त्यांनी हसून आपला एक्का दाखवला आणि म्हणाले की धुळ्याहून शिकवणी चालू दिसते. सगळे हसले, मीही.

मग मी फुटकळ पानं टाकत राहिले, चांगल्या पानांवर वाढवत राहिले, आणि हळूहळू माझा ढीग त्यांच्यापेक्षा मोठा झाला. ऊन उतरायला लागलं तेव्हा दोन एक्के आले. एकदाच पाहिले. नेहमीइतकेच वाढवले. त्यांनी दुप्पट केले. मी सगळे लावले. त्यांनीही सगळे लावले आणि पानं उघडी केली: बदाम राजा आणि बदाम राणी. मधल्या पहिल्या तिनात राजा होता. पुढचं पान पंजी, शेवटचं नव्वी. त्यांची राजांची जोडी, माझी एक्क्यांची. लीलाधरभाऊंनी चिंचोके माझ्याकडे ढकलले. आईंनी बोटं मोडून माझी दृष्ट काढली. ते उठले, घागरीला हात लावून सर्वांदेखत म्हणाले, "नाना, आजपासून सुटलो." मी आत जाऊन रडले. इतकं हलकं मला लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी भाईदासची गाडी आली. हे गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी परतले ते घर-मळा नावावर करून देण्याचा कागद घेऊन. सतरंजी स्वतः अंथरली, चिंचोके स्वतः वाटले. म्हणाले, परवाचं काही खरं नाही, दोन एक्के कुणालाही जिंकवतात. एकदाच बस, मग केंद्रात जातो.

आणि अक्का, मी बसले असते. सतरंजीवर गुडघा टेकवलाही होता. मनात आलं की मागच्या वेळी जिंकले, आताही जिंकेन, मग तरी सुटतील. त्याच वेळी आईंनी सूप आणलं, सगळे चिंचोके त्यात गोळा केले आणि परसात फेकून दिले. तेव्हा मला कळलं. मीही ह्यांच्यासारखीच झाले होते.

आता माझ्यात काही उरलं नाही. सोनगीरला आईला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "ये पोरी, हाई घर तुनंच शे." एक मेला निकाल लागून शाळा सुटते. दोन तारखेला मी निघते. बॅग भरून ठेवली आहे. घराचं, मळ्याचं काय करायचं ते तुम्ही आणि आई ठरवा. मी हरले म्हणा.

तुमची मेहनत वाया गेली, क्षमा करा.

आपली,
चारुलता


मुक्ताईनगर
२५ एप्रिल २०२६

ती. अक्कास हितेंद्रचा सा. न.

फोन उचलत नाहीस, म्हणून शाळेनंतर पहिल्यांदा पत्र लिहितोय. अक्षराला हसू नकोस.

तुझी शिष्या चांगली खेळली, कबूल. राजे टाकले तेव्हा मला नानाच आठवले, तेही ओट्यावर अशीच भारी पानं टाकून द्यायचे. पण तूच सांग, दोन एक्के आणि राजा-राणी समोरासमोर आले तर पाचातून चार वेळा एक्केच जिंकणार. मग त्यात तिचं काय आणि माझं काय? पानांनी निकाल लावला, खेळानं नाही. म्हणून मी न्यायाचं बोलतोय, अजून एकदा. आईनं चिंचोके फेकून दिले, जशी काही मी चोरी केली.

ती बॅग भरून बसली आहे. माझ्याशी बोलत नाही. घरात मला श्वास घेववत नाही अक्का, फक्त तिथे, टेबलाशी बसल्यावर घेववतो. हे तुला खोटं वाटेल. तिला सांग, एकदाच बस. तुझं ती ऐकते.

जमलं तर फोन उचल.

तुझा,
हितू


देवपूर, धुळे
२७ एप्रिल २०२६

चि. सौ. चारुलता हीस अनेक आशीर्वाद.

हितूचं पत्र आलं. चाकोरीतली कारणं सांगणारे जुगारी मी शेकडो पाहिले, पण त्या पत्रातलं एक वाक्य खरं होतं. टेबलाशी बसलं तरच त्याला श्वास घेववतो. ज्या माणसाला असं होतं, तो एका डावानं सुटत नाही, चारू, शंभर डावांनीही नाही. मी तुला पानं खेळायला शिकवलं आणि हे सांगायला विसरले, कारण मलाही वाटत होतं, माझा भाऊ निराळा असेल. मीही राजांच्या प्रेमात पडून ते धरून बसले होते. आज खाली ठेवते.

पण तू काय करते आहेस ते बघ. राजे टाकायला शिकवले तर तू एक्के टाकायला निघालीस.

घर तुझ्या नावावर. मळा तुझ्या नावावर. नोकरी तुझी. अख्ख्या गल्लीसमोर घागरीला हात लावून दिलेला शब्द त्यानं मोडला, त्याला लीलाधरभाऊ साक्षी आहेत. आणि स्वतःच्या मुलाचे चिंचोके परसात फेकणारी सासू तुझ्या बाजूला उभी आहे. यापेक्षा भारी पानं मी आयुष्यात कुणाच्या हातात पाहिलेली नाहीत. आणि तू बॅग भरतेस! आपल्याकडे घर मोडायला आलं की निघून जायचं ते बाईनं, हे आपल्या हाडांत इतकं भिनलंय की हातातली पानं बघायचंसुद्धा आपल्याला सुचत नाही. तू सोनगीरला गेलीस की तो त्याच सतरंजीवर बसेल, आणि समोर तू नसशील तर भाईदास असेल. उरेल ती म्हातारी. तिच्याकडून घराच्या किल्ल्या काढून घ्यायला त्याला किती वेळ लागेल?

गप्प बसू नकोस. वाट बघत बसू नकोस. मधलं पान उघडायच्या आत वाढव.

तुझी आई म्हणते, हाई घर तुनंच शे. वाक्य तिचं सोळा आणे खरं आहे, फक्त घर चुकलं.

जळगावच्या केंद्रात मी बोलून ठेवलं आहे. त्याला न्यायला मी स्वतः एक तारखेला पहिल्या गाडीनं निघते. तो ओट्यावर बसला असेल तर मीही त्याच्याशेजारी ओट्यावर बसेन, हवे तितके दिवस. तो रडेल, शिव्या देईल, नानांची शपथ घेईल. तुला आतून सगळं ऐकू येईल. माझाही आवाज ऐकू येईल, आणि कदाचित मीच तुला दार उघड म्हणेन, कारण तो माझा धाकटा भाऊ आहे आणि मला त्याचं रडणं सहन होत नाही. तेव्हा माझंही ऐकू नकोस. नानांच्या पहिल्या घागरीला मी त्या घरात नव्हते, आणि आता जी कडी लागेल ती माझ्या माहेराच्या दाराला लागेल, हे जाणूनच लिहिते आहे.

माया होती, आहे, राहील. तिचं काय करायचं ते आपण नंतर बघू.

हे पत्र वाचून झालं की घरी जा. तुझी बॅग रिकामी कर. तिच्यात त्याचे कपडे भर, ती ओट्यावर ठेव, आणि दाराला आतून कडी घाल.

तुझी,
अक्का