नरक्याचं कुल

बाई, तुम्ही असता तर पहिला प्रश्न हाच विचारला असता, की नमुना कुठून घेतला. म्हणून तेवढं आधी सांगतो. नमुना माझाच आहे, मोठ्या आतड्यातला. ऑपरेशन करून काढला, मेणात बसवला, त्याचा पातळ काप घेतला, रंग दिला आणि काचपट्टीवर ठेवला. तुमच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत देठांचं जे जे व्हायचं ते सगळं त्याचं झालं. मग रिपोर्टात नाव आलं, प्रकार आला, टप्पा आला. टप्पा बराच पुढचा आहे. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "याचं कुल कोणतं?" त्या हसल्या नाहीत. तुम्हीही हसला नसता, पण मान तरी वर केली असती.

संस्कृतचा विद्यार्थी वनस्पतिशास्त्राच्या सहलीला कसा, असं तेव्हा एसटीतली सगळी मुलं विचारत होती. कॉलेजच्या बागेतल्या पाट्यांवर संस्कृत नावं हवीत, एवढ्यासाठी तुम्ही मला त्या गाडीत कोंबलं होतं. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला, रतनगडाकडच्या त्या सदाहरित रानात भर दुपारी अंधारलेलं आहे, पानापानांवरून पाणी ठिबकतंय आणि वाट दाखवायला आलेले गावातले आजोबा तुम्हाला बजावताहेत, "बाई, त्या झाडाखाली डबं नका सोडू. नरक्या हाय तो. फुलला का लई घाण मारतो." आम्ही सगळे नाकाला रुमाल लावून मागे सरतो. तुम्ही कॅनव्हासच्या बुटांनी चिखल तुडवत पुढे जाता, फांदी खाली ओढता आणि लॅटिन नाव सांगता, मापिया फीटिडा.

मला शहाणपणा सुचायला वेळ लागत नसे. "फीटिडा म्हणजे दुर्गंधी," मी म्हणालो. "बाई, लॅटिनवाल्यांनीही शिवीच दिली की."

"पंडित, नावावरून झाडाला नापास करू नका. फूल उघडा. कुल फुलाच्या आत बघायचं असतं, गावाच्या तोंडात नाही."

श्वास रोखून मी फूल उघडलं. तुमच्या भिंगातून पाकळीच्या आतल्या बाजूला बारीक पांढरी लव दिसली, कुणीतरी जपून विंचरल्यासारखी. जुन्या ग्रंथांत हे झाड दुसऱ्याच कुलात होतं, मागाहून कुणी नीट आत डोकावलं आणि त्याला इकॅसिनेसी कुलात नेलं, असं तुम्ही सांगत होता. मी विचारलं, "मग झाडाला कळवलं का तसं?"

"नाही. आणि ते तुमच्या पाटीचीही वाट बघत नाहीये. लिहा लवकर, माझा हात भरून आलाय."

मी 'पूतिपुष्प' असं नाव घडवलं, म्हणजे कुजकट वासाच्या फुलाचं. तुम्ही ते वाचलंत, खोडलंत आणि म्हणालात, "हे तुमच्या मुलीला ठेवा." एसटीतल्या मुलांनी परतीच्या वाटेवर संगमनेर येईपर्यंत मला त्याच नावानं हाक मारली.

हल्लीच्या पुस्तकांत मापिया सापडत नाही. आता त्याला नोथापोडायटीस निमोनियाना म्हणतात. यातला निमोनियाना न्यूमोनियातून आलेला नाही, कुणा साहेबाच्या आडनावावरून आलाय. आणि ग्रीकमध्ये नोथोस म्हणजे खोटा, अनौरस. म्हणजे गावानं नरक म्हटलं, एकानं घाणेरडा म्हटलं, दुसऱ्यानं खोटा. इतकी नावं ठेवून घेतलेलं झाड माझ्या पाहण्यात दुसरं नाही. हे सगळं मी शोधत बसलो, कारण डॉक्टरीणबाई भंडारदऱ्याकडच्या अकोल्याच्या निघाल्या. सलाईनच्या बाटलीकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "सर, हे औषध ज्या द्रव्यापासून करतात ना, ते आमच्याकडच्या एका झाडात असतं. नरक्या. तुम्ही कुठं बघितलं असणार म्हणा!"

मी बघितलं होतं, बाई. त्याच्या फुलात डोकावलोही होतो. मला धीर वाटायला हवा होता. पण शब्दांचे अर्थ लावून ज्यानं जन्मभर पोट भरलं, त्याच्या कानात नेमका 'नरक' हाच शब्द पडला. सिस्टर वळल्यावर मी हळूच बाटलीला नाक लावून पाहिलं. वास नव्हता. पाण्यासारखं स्वच्छ थेंब थेंब उतरत होतं, आणि बिनवासाचं आहे याचीच मला जास्त भीती वाटली. वास असला की माणसाला निदान मागे सरता येतं.

पुढचा आठवडाभर औषध नावाला जागलं. तपशील लिहीत नाही. वर्गात कालिदास शिकवलेल्या माणसानं काही गोष्टी ध्वनितच ठेवाव्यात. एवढंच सांगतो, की मोरीच्या दारापासून पलंगापर्यंत हिनं मला धरून आणलं आणि तेव्हा माझं वजन तिला जाणवलंच नाही. ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. डॉक्टरीणबाई म्हणतात की हे सहन होण्यासारखं करता येईल, डोस थोडा कमी करू. पण थांबवलं तर आमच्या हातात दुसरं फारसं काही नाही, असंही त्यांनी सांगून टाकलं. ते सांगताना त्यांनी मला 'सर' म्हटलं नाही, 'काका' म्हटलं.

आज दुसरा डोस आहे. हिचा भाऊ पहाटेच काष्टीहून गाडी घेऊन निघाला, तो पोचला आहे आणि खाली हॉर्न वाजवतोय. ही जिन्यातून ओरडतेय, "अहो, जन्मभर पोरांना देव शब्द चालवायला लावलात, आता जरा स्वतः चाला!" आवाजात थट्टा आहे, पण शेवटच्या शब्दावर तो फाटतो. तिला वाटतंय मी शर्ट घालतोय.

हा कागद कुणाला दाखवायचा नाही, तिला तर मुळीच नाही. तुमच्यापुढे घाबरट दिसू नये म्हणून नावांची एवढी फोड करत बसलो, बाई. शर्ट केव्हाचा घालून झालाय. "आलोच" असं दोनदा सांगूनही झालंय. दाराला आतून कडी मीच लावली आहे, आणि हात तिथवर जात नाहीये.