बाबांसाठी बारा इंची

२ मार्च, रविवार

लिहायचं लिहायचं म्हणत ही वही गोव्याहून बॅगेत आली तशीच पडून होती. दोन महिने. रोज ठरवायचो आणि रोज दुसरंच काहीतरी निघायचं. काल तर पेन आणायला बाहेर पडलो आणि चौकात जेसीबी नाल्यात गेलेला टेम्पो काढत होता, तो बघत दीड तास उभा. पेन राहिलंच. हे आईच्या पिशवीतलं आहे, मधेच उमटत नाही.

तर, मी परत महाळुंग्यात. गोव्यात शॅकवर वाजवायचा सीझन अर्धवट सोडला. का, ते नंतर कधीतरी. सध्या बाबांच्या गायन पार्टीत बेस गिटार वाजवतो. पार्टी म्हणजे गायला सुदामकाका, ढोलकीवर बाबा, एक पेटीवाले आणि मी. जयंती, पौर्णिमा, हळद, वाढदिवस. स्टेज आमच्या खोलीएवढं. दर वेळी साऊंडवाल्याला विनवायचं, माझी पण वायर लाव. तो लावतो आणि आवाज शून्यावर ठेवतो. म्हणून स्वतःचा काँबो घ्यायचा, अँप आणि स्पीकर एकाच डब्यात. छोटा. बाइकवर मावला पाहिजे, बास.

५ मार्च, बुधवार

चिंचवडच्या दुकानात जाऊन आलो. आठ इंची: नऊ किलो, एका हातात येतो, दिसायला पण गोड. दहा इंची: धड इकडचा ना तिकडचा. बारा इंची: वीस किलो, उचलताना कंबरेत काहीतरी बोललं.

दुकानदार म्हणाला, "छोट्या स्टेजला आठ बास झाला भाऊ. बारा घेतला की फळ्या घुमतात, माइक घुमतो आणि गायक शिव्या घालतो. घ्यायचाच झाला तर खाली फोम टाकत जा."

आठच. ठरलं जवळजवळ. येताना एक जुना मित्र भेटला, त्याच्यासोबत मोशीला नर्सरीत गेलो. त्याला कुंड्या घ्यायच्या होत्या. मला नव्हत्या, तरी एक घेतली.

९ मार्च, रविवार

काल चाकणला हळदीचा कार्यक्रम. फळ्यांचं स्टेज, त्यावर गाद्या, पांढरी चादर, लोड. बाबांचं परत तेच. सगळे गादीवर बसले, बाबा उठून कडेला उघड्या फळीवर जाऊन बसले. आई म्हणते वर्षभर असंच चाललंय. नवरीचा बाप हात जोडून आला, "काका, आमचं काही चुकलं का?" बाबा नुसते हसले. त्यानं तो आणखी घाबरला.

सुदामकाका, म्हणजे सु.का., मला बाजूला घेऊन, "तुझा बाप लोकांच्या दारात रुसून दाखवतो राव. गादी टोचती का त्याला? पार्टीचं नाव खराब होतंय."

आज आई दळण आणायला गेली तेव्हा विचारलं. बाबा ढोलकीच्या कड्या ओढत होते. दोनदा विचारलं, उत्तर नाही. मग समोर जाऊन बसलो.

"गादीवर का बसत नाही तुम्ही?"

शेवटची कडी ओढली. मग म्हणाले, "गादीवर बसलं की मी एकटा पडतो."

मला कळलं नाही. तर म्हणाले, "फळीतून येतंय रे. सुदाम पाय आपटतो, ते येतंय. तुझं ते जाड वाजणं येतंय थोडं. वरचं काही येईना गेलंय. शब्द तर नाहीच. त्याच्या तोंडाकडं बघून वाजवायलोय."

"कधीपासून?"

"वीस वर्षं कंपनीत हॅमरवर होतो. कधीपासून काय विचारायलास."

लाल लोखंडावर पडणारा तो हॅमर. लहानपणी डबा द्यायला जायचो तेव्हा मी गेटवरच कान दाबून उभा राहायचो, आणि बाबा आतून हसत यायचे.

"आईला सांगू नको. सुदामला तर मुळीच नको."

१३ मार्च, गुरुवार

दुकानात जायला निघालो आणि आळंदीच्या बसमध्ये बसलो. चुकून नाही खरं तर, खिडकी रिकामी होती म्हणून. एका पाठशाळेच्या ओट्यावर एक जण पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावत होता. लावायचा, थाप मारायचा, चिमूटभर काढायचा, परत थाप. मी अर्धा तास उभा. शेवटी म्हणाला, "काय पाहिजे?" म्हटलं, किती लावायची ते कसं कळतं? "पोटात कळतं," म्हणाला आणि परत कामाला लागला.

येताना बसमध्ये ठरवलं, बाबांना दुकानात न्यायचं. वजन, वॅट, सगळं खड्ड्यात. त्यांच्यापर्यंत कुठला पोचतो तेवढंच बघायचं.

१६ मार्च, रविवार

नेलं. म्हटलं, उचलून बघायला दुसरा माणूस लागतो. दुकानाचा वरचा माळा लाकडी आहे. बाबांनी चपला काढल्या आणि खाली मांडी घालून बसले. दुकानदार खुर्ची धरून तसाच उभा.

आठ इंची लावला. साधी चाल वाजवायला घेतली, त्यांना शंभरदा ठाऊक असलेली. दोन कडवी झाली. बाबा माझ्याकडे बघतायत, वाट बघतायत.

"चालू कर की," म्हणाले.

चालूच होता. दुकानदारानं माझ्याकडे बघितलं आणि लगेच शेल्फवरच्या तारांची पाकिटं सारखी करायला लागला.

दहा इंचीला मान हलली, जरा उशिरा. मग बारा. खालचं फोम मी पायानं सरकवून दिलं. खालचा एकच सूर दिला, लांब. बाबांचा तळहात फळीवर गेला. तिथंच राहिला. मग दुसरा हात मांडीवर पडायला लागला, बरोब्बर ठेक्यात, आणि त्यांनी डोळे मिटले. मी आल्यापासून त्यांना डोळे मिटून वाजवताना बघितलंच नव्हतं. कसे मिटतील.

"काकांसाठी आवाज वाढवू का?" दुकानदारानं मला विचारलं.

"नको. असाच राहू द्या."

बारा घेतला. बाइकवर मी, मधे काँबो, मागे त्याला पोटाशी धरून बाबा. सिग्नलला म्हणाले, "लहान का घेतला नाहीस? तुलाच उचलावं लागंल." मी ऐकू न आल्यासारखं केलं.

३० मार्च, रविवार

काल वाढदिवसाचा कार्यक्रम, कुरुळीला. पाइपांवर प्लायवूडचं स्टेज. काँबोचे रबरी पाय घरीच काढून ठेवले होते, डबा सरळ प्लायवर टेकवला, बाबांच्या पाठीमागे. साऊंडवाला म्हणाला, "घुमतोय राव." म्हटलं, घुमू दे.

बाबा काल... काय लिहू. तिसऱ्या गाण्यात त्यांनी एक तुकडा असा घेतला की पेटीवाले काका वाजवायचं सोडून बघत बसले. सु.का. गाता गाता मागं वळले. नंतर जेवताना मला म्हणाले, "बाप सुधारला तुझा. काय खाऊ घातलंस?"

बाबा पंगतीत मोठ्यानं बोलत होते, हल्ली बोलतात तसं. काल त्यांना कुणी हळू बोला म्हणालं नाही.

आई विचारते, एवढं जड धूड कशाला आणलं. म्हटलं आवाज चांगला आहे. खोटं नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

काल जयंती. लिहायचं नाही असं ठरवलं होतं. हात थांबत नाही.

विहारासमोरचा कट्टा. सिमेंटचा. मला आधी विचारायचं सुचलं नाही. माळा लाकडी होता, प्लाय होतं, त्यामुळे काँबो घेतला म्हणजे काम झालं असं डोक्यात बसलेलं. संध्याकाळी पोचलो, डबा टेकवला, सूर दिला, कट्ट्याला हात लावला. दगड. काही नाही.

मांडववाल्याकडून एक फळी आणली. तोवर मंडळाच्या पोरांनी गाद्या घातलेल्या. फळी टाकायला लागलो तर त्यांचा अध्यक्ष म्हणाला, "दादा, आपल्या ज्येष्ठ कलाकाराला आजच्या दिवशी फळीवर बसवायचं? लोक तोंडात शेण घालतील आमच्या." त्यानं स्वतः बाबांना दंडाला धरून गादीवर बसवलं. मागं लोड दिला. शाल घातली, फेटा बांधला. बाबांनी फळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी काय सांगणार होतो तिथं? सांगायचं नाही असं वचन दिलेलं.

दुसरं गाणं. सु.का. कडव्याच्या शेवटी एकदम थांबतात, सगळं बंद, आणि मग एकटे ओळ उचलतात. नेमकं तेव्हा त्यांनी तोंड बायकांच्या बाजूला फिरवलेलं. सगळे थांबले. बाबा वाजवत राहिले. एकटेच. स्वच्छ, सुंदर, एक थाप इकडची तिकडे नाही. लोकांना वाटलं हे ठरवूनच आहे. टाळ्या पडल्या. बाबांनी वर बघितलं, टाळ्या वाजवणारे हात दिसले, आणि मग माझा तारांवर थांबलेला हात दिसला.

सु.का. हसले माइकवर. "आमचे ढोलकीसम्राट," म्हणाले. त्यांचे डोळे हसत नव्हते.

घरी येताना बाबा मागच्या सीटवर. फेटा तसाच डोक्यावर होता, काढायचं सुचलं नसावं.

२० एप्रिल, रविवार

सु.कां.नी चिंचवड स्टेशनजवळ चहाला बोलावलं. कप संपेपर्यंत ऊन, पाणी, माझं लग्न. मग:

"पौर्णिमेला रोशनला बोलावलंय. ऑक्टापॅडवाला, ठेक्याला. तू ये बेसला."

"आणि बाबा?"

"अरे, मी पंचवीस वर्षं त्याच्या ठेक्यावर चाललोय. मला कळत नाही होय? आधी वाटलं रुसतो. मग वाटलं पितो. परवा कळलं." कपात बघत राहिले. "माझ्यानं नाही सांगवणार. तू पोरगा आहेस, तू सांग."

मी म्हटलं, लाकडी स्टेजवर त्यांना सगळं येतं. काँबोचं सांगितलं, सगळं सांगितलं. वचन मोडलं. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "भटक्या, प्रत्येक गावात मी लाकूड कुठून आणू?"

परत येताना उगाच लोणावळ्यापर्यंत जाऊन आलो.

२ मे, शुक्रवार

सांगितलं नाही अजून.

बाबा रोज ढोलकीला हात लावतात. काँबो भिंतीशी उभा असतो, ते त्याला टेकून बसतात आणि म्हणतात वाजव. मी वाजवतो. पाठीतून येतं म्हणे, फळीपेक्षा बरं. पण स्टेजवर काँबोला टेकून कसं बसणार, लोक काय... असं मी मनात म्हणालो आणि मलाच माझी लाज वाटली. ते लोक म्हणजे मीच की.

आज विचारलं त्यांनी, "पौर्णिमेचा निरोप आला का सुदामचा?"

"रद्द झालाय कार्यक्रम," म्हणालो. पहिल्याच वेळी ऐकू गेलं त्यांना. एरवी तीनदा सांगावं लागतं.

"असं होय," म्हणाले. "बरं."

८ मे, गुरुवार

सु.कां.ना कळवलं, मी पण येत नाही. ते फोनवर म्हणाले, "तू तुझं नुकसान कामून करतो?" 'कामून', म्हणजे का, हा बाबांचाच शब्द, त्यांच्या गावाकडचा, दोघांचं गाव एकच. मी फोन ठेवला.

आई विचारते, पांढरा शर्ट इस्त्री करू का बाबांचा. तिला पण तेच सांगितलं, रद्द. आता दोघांना सांगून झालंय, त्यामुळे खरं असल्यासारखं वाटायला लागलंय.

पेन परत अडतंय.

१२ मे, सोमवार, पौर्णिमा

सकाळी आई-बाबा विहारात जाऊन आले. मी गेलो नाही. तिथं कुणी कार्यक्रमाचं बोललं असेल, तर बाबांना ऐकू आलं नसणार. आईला आलं असेल. ती आल्यापासून माझ्याशी बोललेली नाही. खीर ठेवली समोर, वाटी जरा आपटूनच.

दुपारभर बाबा ढोलकी पुसत होते. रद्द असलेल्या दिवशी इतकं कोण पुसतं. पांढरा शर्ट घातलाय. म्हटलं, कुठं निघालात? "कुठं नाही. सणाचं आहे, म्हणून."

त्यांना माहीत आहे का?

साडेपाच. सातला तिकडे सुरू होईल. आता उठून समोर बसतो आणि सांगतो. हे वाक्य संपलं की. ते काँबोला पाठ लावून बसलेत, डोळे मिटून, आणि मी काही वाजवत पण नाहीये.

खाली बाइक थांबली. कुणीतरी जिना चढतंय, फळ्यांचा जिना आहे आमचा. बाबांनी डोळे उघडले, माझ्या आधी. उठून त्यांनीच दार उघडलं.

रोशन आहे. कार्यक्रमाचा पांढरा झब्बा, कपाळावर घाम, हात रिकामे. बाबांच्या पाया पडतोय. ओठ नीट दिसतील असं तोंड वर करून म्हणतोय, "काका, ढोलकी घ्या, मी न्यायला आलोय."