दाढ आपली आपण भरते

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून ही वही. फक्त दातांसाठी.

खालची डावी बाजू, शेवटून दुसरी दाढ. वर काळा ठिपका, मोहरीएवढा. बायकोचा हातातला आरसा आणि मोबाइलचा टॉर्च लावून नीट पाहिला. स्वतःचं तोंड आतून इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. शी! ओलसर, गुलाबी, जिभेवर पिवळट साय. माणूस बाहेरून टाय बांधून फिरतो आणि आत हे असं.

ही म्हणाली, डेंटिस्टकडे जा, अर्ध्या तासाचं काम आहे. मी घाबरत नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे. परक्या माणसाची बोटं माझ्या तोंडात, आणि त्याआधी तीच कुणाच्या तरी तोंडात. ग्लोव्ह्ज बदलतात म्हणे. बोटं कुठे बदलतात?

शिवाय काल इंटरनेटवर वाचलं की दाताचं झिजलेलं मिनरल परत भरून येतं. घरच्या घरी. दाढ आपली आपण भरते, आपण फक्त साहित्य पुरवायचं.

संकल्प: तीस दिवस.

४ मार्च. सकाळी ६.४०

खोबरेल तेल. मोठा चमचाभर तोंडात धरून वीस मिनिटं खुळखुळवायचं. तिसऱ्या मिनिटाला ते दुप्पट झालं. वाढलेली सगळी माझीच लाळ होती. सर्दी झालेल्या माणसाचं नाक तोंडात धरल्यासारखं वाटत होतं.

सातव्या मिनिटाला सासऱ्यांनी बाथरूमचं दार वाजवलं. सासरे आमच्याकडेच असतात. घड्याळं दुरुस्त करायचे, आता रिटायर्ड. बोलतात कमी, बाथरूम वापरतात जास्त. मी आतून 'हं' केलं, म्हणजे 'थांबा'. त्यांना ते 'या' वाटलं. ते आत आले आणि मला ठसका लागला. आरसा, नळ, सासऱ्यांचा टॉवेल, थोडे सासरे.

एकूण नऊ मिनिटं झाली. पहिल्या दिवसाला नऊ म्हणजे वीसच.

७ मार्च. संध्याकाळी

अंड्याची टरफलं. शुद्ध कॅल्शियम! बारा अंड्यांची उकळली. आत जो पापुद्रा असतो तो नखाने सोलून काढावा लागतो. उन्हाने सोललेली पाठ असते ना, तस्सा. बोटाला चिकटतो, झटकला तर दुसऱ्या बोटाला चिकटतो. घरभर ओल्या कोंबडीचा वास. ही नाकाला पदर लावून गच्चीवर गेली ती जेवायच्या वेळेला आली.

टरफलं कॉफीच्या ग्राइंडरमध्ये दळली. ती पूड तेलात कालवून ठिपक्यावर बोटाने दहा मिनिटं घासली. कचकच मेंदूपर्यंत ऐकू येते. हे काम करतंय याचीच खूण.

८ मार्च

सासऱ्यांनी विचारलं, कॉफीत वाळू आहे का? म्हटलं, नवीन ब्रँड आहे. त्यांनी मान डोलावली आणि मुकाट्याने कप संपवला. सज्जन माणूस. त्यांच्या हाडांनाही फायदाच होईल.

१२ मार्च. सकाळी ७.००

ठिपका फिकट झालाय! काळ्याचा तपकिरी झालाय. टॉर्च लावून तीनदा खात्री केली. हिला दाखवायला तोंड उघडलं तर तिने मान वळवली. तिला भरून आलं असावं.

गार पाण्याने डावीकडे सणकन कळ जाते. म्हणजे मेलेली दाढ जागी होतेय. मेलेल्याला कुठे कळ येते?

१४ मार्च

शोरूममध्ये घाण वास येतोय. मी टाइल्सच्या शोरूममध्ये सीनियर सेल्समन आहे, अकरा वर्षं. वास नेमका माझ्या टेबलापाशी. तुंबलेलं गटार अधिक जुनं मांस. कॅशियरबाईंना विचारलं, तुम्हाला येतोय का? त्या घाईघाईने हो म्हणाल्या आणि खुर्ची मागे सरकवली. सरकवत सरकवत पार खिडकीशी गेल्या. बिचाऱ्यांना किती त्रास होत असेल.

माझा संशय डिस्प्लेच्या बाथरूमवर आहे. गिऱ्हाइकांची पोरं काय करतील नेम नाही.

१८ मार्च

प्लंबर बोलावला. त्याला डिस्प्लेचा कमोड दाखवला, वाकून सविस्तर समजावलं. त्याने श्वास रोखून ऐकून घेतलं. म्हणाला, साहेब, याला पाइपच जोडलेला नाही, हा नुसता ठेवलाय. मग म्हणाला, तुम्ही जरा लांब उभे राहा, मी परत हुंगतो. मी दारापर्यंत गेलो. तो म्हणाला, आता नाही येत.

हल्ली प्लंबरांना कामाची आवड राहिलेली नाही.

२० मार्च

ही आता सासऱ्यांच्या खोलीत झोपते. सासरे सोफ्यावर. कारण विचारलं तर म्हणाली, तुम्ही घोरता. बावीस वर्षं घोरतोय. आजच आठवलं?

२१ मार्च. रात्री

मोठा दिवस होता. हॉटेलवाला बिल्डर येणार होता, एकशेचाळीस बाथरूम, भिंती आणि फरशी दोन्ही. महिनाभर मीच त्याच्या मागे होतो, दाताच्या कण्या केल्या होत्या.

सकाळपासून दाढ ठणकत होती. लवंगेचं तेल लावलं. ते जिभेवर पसरलं आणि अर्धी जीभ गेली. ठणका तसाच. म्हणून लसणीची पाकळी ठेचून गालात धरली, लसूण जंतू मारतो. बिल्डरला कॅटलॉग दाखवताना 'ग्लॉसी' म्हणायचं होतं, 'ग्लॉची' आलं. 'मॅट फिनिश' म्हणताना पाकळी निसटली आणि कॅटलॉगवर पडली, इटालियन संगमरवराच्या फोटोवर, लाळेसकट. मी ती उचलली. कुठे ठेवणार? परत गालात ठेवली.

बिल्डर माझ्याकडे बघत राहिला. खिशातून रुमाल काढून नाकाला लावला आणि म्हणाला, मालक आहेत का?

सहा वाजता मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. दार उघडं ठेवलं, खिडकीही उघडली. म्हणाले, तुम्ही काही दिवस गोडाउन सांभाळा. तिथे गिऱ्हाइकं नसतात. मी म्हटलं, सर, वास डिस्प्लेमधून येतो. त्यांनी पंखा वाढवला. मग म्हणाले, अहो, तुम्ही माझ्या थोरल्या भावासारखे आहात. आणि गोडाउनची किल्ली माझ्याकडे सरकवली.

ठीक आहे. गोडाउनमध्ये शांतता मिळेल. मिनरल बसायला शांतता लागते.

२४ मार्च. सकाळी

ठिपका जवळजवळ गेला!! दाढ पांढरी, चकचकीत. जिंकलो. आता पेस्टमध्ये लिंबूही घालतो.

डावा गाल मात्र थोडा वर आलाय. मटेरियल भरलं की जागा लागणारच.

२७ मार्च

हाडांचं पाणी. शेवटचा उपाय, शेवटचा म्हणजे सर्वोत्तम. हाडं बारा तास उकळायची. वर राखाडी फेस येतो, तो काढायचा. मी काढला नाही, त्यातच सत्त्व असतं म्हणे. गार झाल्यावर ते थरथरायला लागलं. चमचा उभा राहतो. नाक दाबून एक घोट घेतला, तो गळ्याशी थांबला. खालीही जाईना, वरही येईना. मग वर आला.

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी येऊन विचारलं, काही मेलंय का? ही म्हणाली, अजून नाही.

२९ मार्च. पहाटे ५.००

गालाचा फुगा. डोळा अर्धा मिटलाय, ताप एकशे दोन. तोंड बोटभर उघडतं. दाढेच्या मागून काहीतरी फुटलं आणि तोंडात आलं. कोमट, खारट. चव लिहिणार नाही. बेसिनमध्ये पाहिलं. हे माझ्याच आत होतं. इतके दिवस मी ते गिळत होतो. लोकांच्या तोंडावर बोलत होतो.

सोफ्यावरून सासरे उठून आले. त्यांनी बेसिनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, नळ सोडला. नाक नाही मुरडलं. इतक्या दिवसांत पहिलाच माणूस. म्हणाले, जावईबापू, कपडे करा.

मी म्हटलं, चार दिवस थांबू, अजून तीस झालेले नाहीत. ते म्हणाले, मला दातांच्या डॉक्टरकडे जायचंय, एकट्याने रिक्षात बसवत नाही, तुम्ही सोबत चला.

वडील माणसाचा शब्द मोडवेना.

२९ मार्च. दुपारी

डेंटिस्ट मुलगी आहे, आमच्या पुतणीच्या वयाची. मास्कवर मास्क लावला तिने. फोटो काढला, तो पडद्यावर मोठा करून दाखवला.

मी ज्या दाढेवर सव्वीस दिवस मेहनत घेतली तिला कीड नव्हतीच. तो चहाचा डाग होता. तो मी घासून काढला, सोबत वरचं कवचही काढलं. दाढ चकचकीत झाली म्हणजे झिजली. सडली होती ती तिच्या मागची, सगळ्यात शेवटची. आरशात न दिसणारी. तिच्यात एवढा खड्डा की आतलं सगळं गेलेलं, मुळाशी पू.

विचारलं, मिनरल परत भरतं ना? ती शांतपणे म्हणाली, अगदी सुरुवातीला, नुसता पांढरट डाग असताना थोडंफार भरतं, काका. खड्डा पडला की नाही. महिन्यापूर्वी आला असतात तर अर्ध्या तासाचं काम होतं.

मागची काढली. पुढच्या झिजलेल्या दाढेवर कॅप बसवावी लागणार.

नोंद असावी: मी सासऱ्यांचा हात धरला नव्हता, त्यांनी माझा धरला होता. बाहेर आल्यावर त्यांना तसं सांगितलंही. बोटं चोळत ते हो म्हणाले.

२ एप्रिल. सकाळी ७.००

ताप नाही. गाल उतरला. ही परत आपल्या खोलीत आली, पण तोंड भिंतीकडे करून झोपते.

दात घासले. ब्रशने, पेस्टने. ही दारात उभी राहून मोबाइलवर दोन मिनिटं मोजत होती. संपल्यावर म्हणाली, आ करा.

केला.